जुनी चेनसॉ घेतली, सायलेन्सरजवळचं प्लास्टिक वितळलेलं आहे. इंजिन गेलं का?

कुळागरी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईपासून आत. गेल्या आठवड्यात म्हापशाच्या बाजूला एकाकडून जुनी चेनसॉ उचलली. चिनी बनावट, अंगावर ५८ सीसी लिहिलंय, २२ इंची बार (चेन फिरते ती पट्टी). ३२०० रुपये दिले. काजूची भाटी (फेणीची भट्टी) लागायच्या आत सरपण तोडून ठेवायचं आहे. मागच्या पावसात कुळागरात (बागायतीत) एक जुना फणस आडवा झाला होता, तो तसाच पडून आहे.

लक्षणं अशी. थंड असताना तिसऱ्या-चौथ्या ओढीला चालू होते. दहा मिनिटं बरी चालते, मग ताकद मरते आणि लाकडातच बंद पडते. गरम असताना दोरी ओढून ओढून खांदा गेला तरी दाद देत नाही. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा चालू. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वूंऽऽ करत राहते.

आणि खरी गोष्ट आता सांगतो, जी घेताना मी बघितलीच नाही. पुढच्या गार्डची सायलेन्सरकडची कड मेणबत्तीसारखी ओघळली आहे. क्लचवरच्या कव्हरचा पुढचा कोपराही काळा पडून वाकलाय. सायलेन्सरचा एक बोल्ट जागेवर नाही, दुसरा बोटाने फिरतो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "उन्हात राहिली होती."

इंजिन गेलं का? की अजून काही करता येईल?

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९.२२

उन्हात राहिली होती हे पटलं. कुठल्या ग्रहावर ते विचारलंस का?

गडगडाट | सोमवार, रात्री ९.४०

टेन्शन घेऊ नको. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल वाढव. लिटरला २० मिली घालत असशील तर ४०-५० घाल. माझ्याकडे दोन मशीन आहेत, ऑइल जास्त घातलं की गरम होत नाहीत. धूर येतो तो येऊ दे, मच्छर पळतात.

जुना_मिस्त्री | सोमवार, रात्री १०.१५

कुळागरी, तुझ्यापेक्षा वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

पहिलं सांगणं: ती मशीन आता चालू करू नको. "एकदा बघतो, आज कशी चालते ते" असंही नाही. सायलेन्सर सैल असलेली मशीन चालवलीस तर जे थोडं शिल्लक असेल तेही जाईल.

मी डिचोलीचा. २०१२ ला खाणी बंद झाल्या तोवर पंप आणि जनरेटर करत होतो, नंतर या लहान इंजिनांकडे वळलो. अशा ओघळलेल्या मशीन वर्षाला पाच-सहा तरी येतात. प्लास्टिक वितळलं म्हणून इंजिन मेलं असं होत नाही. बोल्ट सैल झाला की सायलेन्सर आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंग जळतं आणि तिथून गरम वायूची जिभली बाहेर येते. ती ज्या प्लास्टिकला लागेल ते ओघळतं. कधी एवढंच असतं. बोल्ट-पॅकिंग घातलं, काम झालं.

पण तू सांगितलेली दुसरी लक्षणं मला आवडलेली नाहीत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज खाली न येणं आणि गरम झाल्यावर ताकद मरणं. कुठून तरी फुकटची हवा आत जाते आहे असा वास येतो.

उद्या मशीन पूर्ण गार असताना एवढंच कर. सायलेन्सर काढ. प्लग काढ. एक्झॉस्टच्या भोकात टॉर्च मार आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली जाताना नीट बघ. पिस्टनच्या अंगावर लेथवरच्या बारीक आडव्या रेषा दिसल्या तर देवाला नारळ ठेव. उभ्या रेघा, ओरखडे, ॲल्युमिनियम माखल्यासारखा चकचकीत पट्टा दिसला तर पिस्टन घासला गेलाय. फोटो टाक.

मग कार्बोरेटर काढून इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत येतं त्या बाजूनेही बघ. हे लोक करत नाहीत, पण अर्धं निदान त्यातच आहे. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला घासलं असेल तर उष्णता किंवा ऑइलची कमतरता. इनटेकच्या बाजूला असेल तर धूळ आत गेली. आपल्याकडे चिऱ्याची लाल माती एअर फिल्टरमधून जाते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. सगळीकडून चार ठिकाणी घासलं असेल तर पिस्टन फुगला आणि सिलिंडर फुगला नाही. थंड मशीन चालू करून लगेच फुल्ल रेस दिली की तसं होतं, सिलिंडर गार ठेवणाऱ्या फिन्स बुजल्या असल्या तरीही.

गडगडाट, तुमच्या ऑइलबद्दल उद्या लिहितो. आता झोपतो.

सुरंगी | मंगळवार, सकाळी ७.०५

मिस्त्री जे सांगताहेत त्यात एक भर. क्लच कव्हरचा कोपरा वाकलाय असं तुम्ही लिहिलंत. तो बाहेरून, सायलेन्सरकडून वाकलाय की आतून, ड्रमच्या बाजूने, ते बघा.

आमच्याकडे केप्यात आईच्या बागायतीत एक गडी होता, चेन ब्रेक लावलेला ठेवूनच रेस द्यायचा. त्याला वाटायचं मशीन जड चालते आहे. आत क्लच घासत राहायचा. ड्रम निळा पडला, कव्हर आतून वितळलं, बारला ऑइल देणाऱ्या पंपाचा प्लास्टिकचा गिअरही गेला. मग बारला तेल मिळेना, तेही निळं. आम्ही महिनाभर सायलेन्सरला शिव्या देत होतो.

म्हणजे ड्रमचा रंग बघा. निळा-जांभळा असेल तर तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत.

कुळागरी | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

सगळं केलं. सांगतो.

ड्रम काळपट आहे, निळा नाही. कव्हर आतून गुळगुळीत आहे, बाहेरूनच वाकलंय. तेव्हा सुरंगीताई, ते एक दुखणं कमी झालं.

सायलेन्सर काढला. पॅकिंगचा फक्त अर्धा भाग आहे, उरलेला राखेसारखा हातात आला. तोंडाला एक जाळी होती म्हणतात. माझ्याकडे जे आहे त्याला काळा पत्रा म्हणावं लागेल. एकाही भोकातून उजेड येत नाही.

पिस्टन: एक्झॉस्टच्या बाजूला मधोमध उभ्या रेघा आहेत, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात. रिंगचा तेवढा भाग चिकटल्यासारखा दिसतो, काडीने दाबला तर हलत नाही. इनटेकच्या बाजूला तुम्ही म्हणालात त्या आडव्या रेषा जशाच्या तशा आहेत, स्वच्छ. फोटो जोडले आहेत.

प्लग पांढरट राखाडी, टोकाला खसखशीसारखे दाणे.

आणि स्टार्टरचं कव्हर काढलं तर आतल्या फिन्सच्या फटींत भुसा आणि ऑइलचं डांबर. भुसाही साधा नाही, काथ्यासारखा. कोणीतरी या मशीनने माड कापले असणार.

जुना_मिस्त्री | मंगळवार, रात्री ८.३०

फोटो छान आलेत. हे पुस्तकातलं चित्र आहे: एक्झॉस्टच्या बाजूला घासलेला पिस्टन, पांढरा प्लग, इनटेक स्वच्छ. म्हणजे धूळ नाही. मशीन जास्त गरम झाली किंवा कोरडी चालली, बहुधा दोन्ही.

आता गडगडाट यांच्या ऑइलचं. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर जे ऑइल येतं त्यावरच पिस्टन आणि बेअरिंग जगतात. म्हणून मिश्रण लीन झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की दुहेरी मार बसतो. जळण जास्त गरम होतं आणि त्याच वेळी ऑइलही कमी येतं. यावर उपाय म्हणून बाटलीत ऑइल वाढवलं तर कार्बोरेटरच्या त्याच भोकातून येणाऱ्या पेट्रोलची जागा ऑइल घेतं. पेट्रोल आणखी कमी. फरक लहान असतो, २५:१ आणि ५०:१ मध्ये दोनेक टक्के, पण जातो उलट्या दिशेला. वर कार्बन साचून जाळी बुजते ती वेगळी. टाकीवर २५:१ छापलं असेल तर लिटरला ४० मिली घाल, बऱ्याच चिनी मशीनवर तेच छापलेलं असतं. ५०:१ असेल तर २०. त्याच्या वर जाऊन काही मिळत नाही.

जाळीबद्दल. बाहेर पडायची वाट बंद झाली की जळलेला वायू आतच घुटमळतो, ताजं मिश्रण नीट भरत नाही, सायलेन्सर लालभडक होतो. ताकद मरायचं एक कारण हे. पण नुसत्या बुजलेल्या जाळीने प्लग पांढरा होत नाही, उलट काळा होतो. म्हणून अजून एक चोर आहे. तो शोधल्याशिवाय नवा पिस्टन घातलास तर तोही पंधरा दिवसांत असाच होईल. हे मी माझ्या खिशातून शिकलोय, गिऱ्हाइकाला फुकट पिस्टन घालून दिला होता.

गडगडाट | मंगळवार, रात्री ८.४१

बरं बाबा. मच्छर पळतात हे तरी मान्य करा.

भाटीवाला_पोरगा | मंगळवार, रात्री ९.००

जाळी काढूनच टाक ना. आमच्याकडे सगळे काढतात. मशीन मोकळा श्वास घेते.

सुरंगी | मंगळवार, रात्री ९.१२

मार्चमध्ये काजूच्या बागेत पाचोळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. ती जाळी ठिणगी अडवायला असते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर दिवसेंदिवस आग होती, हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं. ती चेनसॉने लागली असं मी म्हणत नाही. पण सत्तरीच्या माणसाला जाळी काढायचा सल्ला देऊ नका.

जुना_मिस्त्री | मंगळवार, रात्री ९.३०

सुरंगीताईंशी सहमत. शिवाय जाळी काढली की वायू मोकळा जातो, मिश्रण अजून लीन होतं, आणि कार्बोरेटरचं मिश्रण परत जुळवायचं कोणाला सुचत नाही. जाळी चिमट्यात धरून निखाऱ्यावर लाल कर, कार्बनची राख होते, मग तारेच्या ब्रशने घास. पाच मिनिटांचं काम.

एक्झॉस्टच्या भोकातला कार्बन काढताना पिस्टन वर आणून ठेव, म्हणजे तो भोक झाकून घेतो आणि खरवड आत पडत नाही. बांबूची चपटी काडी वापर, स्क्रूड्रायव्हर नको.

परीक्षानळी | मंगळवार, रात्री १०.०५

मी मशीनवाला नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पण पांढऱ्या प्लगबद्दल एक सांगावंसं वाटतं. तुमच्या पंपावरचं पेट्रोल ई-२० असणार, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. ई-२० ला मग साडेतेराच्या आसपास. साध्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्बोरेटरमधून ई-२० गेलं तर स्क्रूला हात न लावताही मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. गाड्यांमध्ये सेन्सर ते सांभाळून घेतो. चेनसॉच्या साध्या कार्बोरेटरला ते कळत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं.

घरी बघायचं असेल तर मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या (ऑइल घालायच्या आधीचं), हलवा, स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून २८ च्या जवळ गेला तर २० टक्के. हे उघड्यावर करा, चुलीपासून लांब, आणि झालं की ते पेट्रोल मशीनमध्ये घालू नका.

दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी चार महिने ठेवली तर खाली पाण्याचा थर वेगळा होऊ शकतो, आणि टाकीतली नळी शोषते ती खालूनच. त्या थरात ऑइल नसतं.

कुळागरी | बुधवार, दुपारी १.२०

सर, केलं. थर २७ वर थांबला. आईने विचारलं काय करतोस, म्हटलं अभ्यास.

मिस्त्रीकाका, इथल्या एका गॅरेजमधून कम्प्रेशन मीटर आणला. चार-पाच वेळा दोरी ओढली, ८५ पीएसआय दाखवतो. गॅरेजवाला म्हणाला, भंगारात घाल.

जुना_मिस्त्री | बुधवार, दुपारी २.००

थांब. तो मीटर गाडीचा आहे ना, लांब रबरी नळीचा? झडप कुठे आहे बघ, नळीच्या प्लगकडच्या टोकाला की घड्याळाजवळ? घड्याळाजवळ असेल तर अख्ख्या नळीतली हवा तुझ्या लहानशा सिलिंडरच्या हिशेबात धरली जाते आणि आकडा कमी येतो. कारला काही फरक पडत नाही, चेनसॉला प्रचंड पडतो. झडप टोकाला असलेला मीटर शोध. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चोक उघडा ठेवून, काटा वाढायचा थांबेपर्यंत ओढ.

असा मीटर नसेल तर आमची जुनी रीत: प्लग लावलेला असताना दोरीच्या मुठीने मशीन उचल. चांगली मशीन लटकून राहते, एकेक ठोका घेत हळूहळू खाली येते. मेलेली एकदम सरकते.

कुळागरी | बुधवार, संध्याकाळी ७.३०

फोंड्याला एकाकडे बरोबर मीटर मिळाला. ११५. दोरीला लटकवली तर उतरते, पण थांबत थांबत.

जुना_मिस्त्री | बुधवार, रात्री ८.१०

भंगार नाही. धडधाकट मशीन १५० च्या आसपास असते, १२० च्या खाली दुबळी, ९० च्या खाली गरम असताना चालू व्हायचं नाव नाही. तुझी रिंग चिकटली आहे हे धरून ११५ म्हणजे सिलिंडर वाचलेला असायची शक्यता चांगली आहे. आणि गरम झाल्यावर हाच आकडा आणखी पडतो, म्हणून ती अर्धा तास सावली मागते.

आता चोर. तीन जागा सांगतो, सोप्यापासून.

टाकीचं झाकण. टाकीला श्वास घ्यायची बारीक वाट असते. ती बुजली की आत पोकळी होते, पेट्रोल येत नाही, मशीन हळूहळू लीन होत मरते. मशीन मरली की लगेच झाकण उघड. फुस्स असा आवाज आला आणि मग चालू झाली तर तेच. तू आता मशीन चालवायची नाहीस, म्हणून नळीच्या टोकाने तपास. टाकीतला फिल्टरही बदल, ४०-५० रुपयांचा असतो.

दुसरी, इनटेकचा जोड. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या तुकड्याचे बोल्ट सैल होतात, रबर चिरतं.

तिसरी, क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत येतं, म्हणून तिथे बारीक भोक असलं तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. फ्लायव्हीलच्या बाजूचा सील आधी जातो असा माझा अनुभव आहे. क्लचच्या बाजूला ऑइलचा ओलावा तरी असतो.

तपासणी अशी. एक्झॉस्टचं भोक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बंद कर, वर सायलेन्सर कस. इनटेकही तसाच बंद कर आणि एक नळी आत सोड. प्लग लावून ठेव. मग अर्धा बार दाब भर. कंपनीकडे यासाठी हातपंप असतो. मी सुरुवातीला घरातल्या बीपी मशीनचा फुगा आणि घड्याळ वापरायचो. ३०० पर्यंत काटा गेला की ०.४ बार होतो, काम भागतं. साबणाचं पाणी लाव आणि क्रँक हळूहळू फिरव. बुडबुडा कुठे येतो बघ.

एक सावधगिरी. सीलची ओठी आतल्या दाबाने घट्ट बसते, म्हणून दाब टिकला तरी उलट ओढल्यावर गळू शकते. मोठ्या सिरिंजने हवा ओढून दुसरी तपासणीही कर.

रिकामटेकडा | बुधवार, रात्री ८.२५

म्हातारीचं बीपी तपासायचं मशीन चेनसॉला लावणार. म्हातारीचं बीपी आपोआप वाढणार.

भाटकारीण | बुधवार, रात्री ९.४०

विषय सोडून विचारते. फणस पडलेला आहे म्हणालात म्हणून ठीक. पण उभं झाड तोडायचं असेल तर वन खात्याची परवानगी लागते, १९८४ च्या वृक्ष कायद्याने. माडाचं नाव २०१६ मध्ये त्यातून काढलं होतं, २०१७ मध्ये परत आलं. या मशीनने कोणी माड कापले ते तुमच्या डोक्यावर नको यायला.

कुळागरी | बुधवार, रात्री ९.५५

पडलेला फणस आणि वाळलेली आकाशिया एवढंच आहे, काकी. माड माझ्या आधीच्याने कापले.

कुळागरी | शनिवार, संध्याकाळी ५.१५

सापडला!

झाकण ठीक. इनटेकचे बोल्ट घट्ट. बीपीचा काटा २८० वर नेला, इनटेकच्या जोडाला काही नाही, प्लगला काही नाही. फ्लायव्हील काढलं होतं, तिथे साबण लावला, तरी काही नाही. मी म्हटलं, काकांचा अंदाज चुकला. मग आठवलं की क्रँक फिरवायचा आहे. पाव फेरी फिरवला आणि एका जागी असा फेस आला की शॅम्पूची जाहिरात. अजून थोडा फिरवला की बंद. सील एका बाजूने कडक होऊन चिरलाय, नखाने खरवडला तर तुकडा निघाला.

सिरिंजने ओढून बघितलं तेव्हा तर काटा थांबतच नव्हता.

फ्लायव्हील काढताना तुम्ही फोनवर सांगितलंत तसं प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन अडवला. (दोरी एक्झॉस्टच्या भोकात अडकणार नाही अशा बेताने. पहिल्यांदा अडकलीच होती.)

सुरंगी | शनिवार, संध्याकाळी ५.४०

वा! आणि आई काय म्हणाल्या, बीपी मशीनबद्दल?

कुळागरी | शनिवार, संध्याकाळी ५.४४

फुग्याला साबणाचा वास येतो म्हणाल्या. नवीन आणून देतोय.

जुना_मिस्त्री | शनिवार, रात्री ८.००

शाब्बास. आता सिलिंडर काढ आणि आत बोट फिरव. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं असेल. खुद्द भिंतीवर कठीण मुलामा असतो. चिकटलेलं ॲल्युमिनियम काढलं की बऱ्याचदा खाली मुलामा शाबूत निघतो.

संडास धुवायचं ॲसिड, कापसाच्या काडीने, फक्त त्या पट्ट्यावर. फसफसतं ते ॲल्युमिनियम विरघळतंय. पुसून परत लाव, फसफस थांबली की बास. एक्झॉस्टच्या भोकाच्या कडेला लावू नको, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं आणि ॲसिड सिलिंडरच खाईल. मुलामा निघालेल्या जागी फसफस थांबतच नाही, मग समज सिलिंडर बदलायचा आहे. हातमोजे, चष्मा, उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहून. नंतर भरपूर पाण्याने धू, खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, आणि लगेच ऑइलचा हात फिरव. मग बारीक एमरीने आडवं-तिरकं घास. नखाला काही अडलं नाही तर सिलिंडर चालेल.

पिस्टन मोजून घे. ५८ लिहिलेलं असलं तरी दुकानात ४५ आणि ४५.२ मिलिमीटर दोन्ही मिळतात. बाणाचं टोक एक्झॉस्टकडे. रिंगचं तोंड खोबणीतल्या पिनवर बसव. गजन पिनच्या (पिस्टन अडकवणाऱ्या पिनच्या) क्लिपा नव्याच घे, जुनी क्लिप परत घालून मी एकदा चांगला सिलिंडर फोडलाय. दोन्ही बाजूंचे सील बदल, गेला एकच असला तरी.

कुळागरी | पुढचा गुरुवार, रात्री ९.००

हिशेब देतो. पिस्टन-रिंग ४५०, दोन सील १२०, पॅकिंगचा सेट ८०, टाकीचा फिल्टर ४०, सायलेन्सरचे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर ३०. ॲसिड घरात होतं. बीपीचा फुगा १८०, तोही यातच धरा. सिलिंडर वाचला. एक फिकट पट्टा दिसतो पण नखाला लागत नाही.

आकडा आता १४५.

कार्बोरेटर मात्र मला जमत नाही. एचचा (फुल्ल रेसचं मिश्रण ठरवणारा) स्क्रू एक वळसा उघडा ठेवलाय, मशीन इतकी छान किंचाळते की शेजारचा बघायला आला.

जुना_मिस्त्री | गुरुवार, रात्री ९.१०

बंद कर. लगेच.

ते गोड किंचाळणं हेच लीन. एचचा स्क्रू बाहेरच्या बाजूला थोडा थोडा उघड, फुल्ल रेसवर हवेत मशीन किंचित भरभरायला लागेपर्यंत. बुलेट अडखळल्यासारखा फाटका आवाज. मग लाकडात घाल. लाकडाचा भार आला की भरभर जाऊन आवाज स्वच्छ झाला पाहिजे, आणि बाहेर काढली की परत भरभरली पाहिजे. तुला ई-२० वरच चालवायची आहे, म्हणून पुस्तकात लिहिलंय त्याहून पाव वळसा जास्त लागला तर घाबरू नको.

ॲक्सिलरेटर सोडला की आवाज आता खाली येतो का?

कुळागरी | शुक्रवार, सकाळी ११.३०

येतो. सोडला की लगेच टुकटुकटुक.

सव्वा वळशावर भरभर आली. फणसात घातली तर आवाज साफ झाला. वीस मिनिटं चालवली, मध्ये दोनदा अर्धा मिनिट आयडलवर ठेवून मग बंद केली. गरम असताना दुसऱ्या ओढीला चालू. सायलेन्सरचे बोल्ट गार झाल्यावर परत कसले, पाव वळसा घेतला दोघांनी. गार्डची वितळलेली कड तशीच ठेवली आहे.

देव बरें करूं, सगळ्यांना.

परीक्षानळी | शुक्रवार, दुपारी १२.१०

उरलेलं मिश्रण पावसाळ्याआधी टाकीतून काढून ठेवा. आणि एका वेळी दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच बनवा.

गडगडाट | शुक्रवार, दुपारी १२.३०

मी माझ्या दोन्ही मशीनचे सायलेन्सर काढून बघितले. एकात उभ्या रेघा आहेत. एक्झॉस्टच्या बाजूला. मिस्त्री, तुमचा फोन नंबर मेसेजमध्ये द्या.

कुळागरी | शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

अजून एक. फणसात लाकडाच्या सालपट्या न पडता पिठासारखा भुसा पडतोय, आणि मला जोर लावावा लागतो. हे पण गरम होण्यातलंच का?

जुना_मिस्त्री | शुक्रवार, संध्याकाळी ६.४५

हो. चेन बोथट आहे. पडलेल्या झाडाच्या सालीत माती असते, तिने दात गेले. तू दाबतोस, मशीन फुल्ल रेसवर रखडते, आणि आपण परत सोमवारवर येतो. कानशीचा नंबर आणि कोन यावर वेगळा धागा काढ, तिथे येतो. तोवर मशीन खाली ठेव.